अभ्यासपाठ : उतारावरचा टायर



गेल्या डिसेंबरात आमच्या वसतिगृहातील बारा मुलांना घेऊन मी कात्रजच्या टेकडीवर गेले होते. मुले बहुतेक कातकरी आणि महादेव कोळी वस्त्यांवरची, डोंगर त्यांना नवा नाही. गवत वाळून पिवळे झाले होते, कुसळे सगळ्यांच्या मोज्यांत घुसत होती. वाटेत मुलांना मोटारसायकलचे दोन जुने टायर सापडले. मी डबे उघडत होते तेवढ्यात त्यांनी एक टायर उतारावर सोडून दिला. तो वीस-पंचवीस पावले गेला, गुडघाभर गवतात शिरला, डुलला आणि आडवा पडला. मुले हिरमुसली.

दुसरा टायर त्यांनी थोडे बाजूला नेऊन सोडला. तिथे वणव्याने गवत जळून जमीन काळी आणि उघडी पडली होती. हा टायर थांबलाच नाही. उसळ्या घेत तो खालच्या पायवाटेकडे निघाला. त्या वाटेने एक मावशी डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालल्या होत्या. मी ओरडले, पण माझा आवाज पोहोचण्याआधी टायर त्यांच्या पाठीमागून, जेमतेम दोन हातांवरून गेला.

मी धावत खाली जाऊन माफी मागितली. मावशी रागावल्या नाहीत. भारा सावरत एवढेच म्हणाल्या, "बाई, जळल्या रानात काय बी थांबत न्हाई."

या पाठाचे सूत्र मावशींनी एका वाक्यात सांगितले होते. जेवणानंतर आम्ही तेच नीट समजून घेतले.

१. वेग साठत जातो. इटलीच्या गॅलिलिओने तिरप्या फळीवरून धातूचा गोळा सोडून मोजमाप केले आणि ते १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात मांडले. गोळा पहिल्या क्षणात एक हात सरकला, तर तेवढ्याच दुसऱ्या क्षणात तीन हात, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात हात जातो. म्हणून सुरुवातीला उतार निरुपद्रवी वाटतो. धोका कळतो तेव्हा वेग बराच वाढलेला असतो.

२. वस्तूचा आकारही महत्त्वाचा. घरी एक पाट तिरपा ठेवून त्यावरून गोटी आणि बांगडी एकदम सोडून पाहा. गोटी आधी पोहोचते. बांगडीचे सगळे वजन कडेला असल्याने तिची बरीच शक्ती स्वतःला फिरवण्यात खर्च होते. दहा मीटर, म्हणजे तीन मजली घराएवढी उंची उतरून येणारा भरीव गोळा, काहीच अडथळा नसेल तर ताशी सुमारे ४२ किलोमीटर वेग घेतो आणि कडे सुमारे ३५. टायर कड्यासारखा, म्हणून थोडा हळू. पण ताशी ३५ चा टायरही माणसाला आडवा करू शकतो.

३. उतार देतो, गवत घेते. प्रत्येक पावलाला उतार टायरला थोडी शक्ती देतो. गवताची काडी वाकताना त्यातली थोडी काढून घेते, मऊ माती आणखी थोडी घेते. घेणे हे देण्यापेक्षा जास्त झाले की टायर थांबतो. गवताची एक काडी टायर अडवू शकत नाही. वाटेतल्या हजारो काड्या मिळून ते काम करतात, आणि तेही टायरचा वेग थोडा असतानाच.

एवढे झाल्यावर सातवीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, माझा दादा ट्रकवर क्लीनर आहे. त्यांचा ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करतो. डिझेल वाचतं म्हणे."

आम्ही सगळेच गप्प झालो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलेला महामार्ग नवले पुलापर्यंत उतरतच जातो. तिथे २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने एकामागून एक अनेक गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे तेव्हा पोलिसांनी सांगितले.

ट्रकसाठी गिअर म्हणजे आपले गवत. गाडी खालच्या गिअरमध्ये असली की इंजिन प्रत्येक पावलाला वेग खात राहते. न्यूट्रल केले की सगळा भार ब्रेकवर येतो. तीस टनांचा ट्रक शंभर मीटर उंची उतरतो तेव्हा जी शक्ती मोकळी होते, तिच्यावर सुमारे नव्वद लिटर पाणी उकळता येईल. ती सगळी उष्णता ब्रेकमध्ये गेली की ते तापतात आणि धरेनासे होतात. इंजिनच बंद केले तर एअर ब्रेकला लागणारी हवाही भरली जात नाही. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते. आणि डिझेल? आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर उतारावर इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतेच.

उतार स्वतः वाईट नाही. याच कात्रजला नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, तलाव बांधून नळातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेले. ना पंप, ना मोट, सगळे काम उताराचे. पण तो उतार बेताचा ठेवला होता, आणि नळातली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधले होते.

त्या रविवारी मुलाने माझ्या फोनवरून दादाला फोन लावला. टायर, गवत, गिअर, सगळे एका दमात सांगितले. पलीकडून थोडा वेळ आवाज नाही. मग दादा म्हणाला, "ड्रायव्हरला कसं सांगू रे? मी क्लीनर."

प्रश्न खरा आहे. आपल्या वस्त्यांवरची कितीतरी मुले क्लीनर म्हणून गाडीवर चढतात आणि पुढे ड्रायव्हर होतात. स्टिअरिंग हाती येण्याआधीच हा पाठ त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवा.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या गावात वणव्याने उघडा पडलेला उतार कोणता? त्याच्या खाली कोणाची वाट, कोणाचे घर आहे?

२. गोटी आणि बांगडीचा प्रयोग करून पाहा. मग पाटावर गोधडी अंथरून पुन्हा करा. काय बदलले?

३. आपल्या घरातील कोण गाडीवर कामाला आहे? न्यूट्रलची गोष्ट त्याला कोण आणि कशी सांगेल?