दुर्गम वाटेवरील मोटारीचे इंजिन

ऑस्ट्रेलियातील सिम्प्सन वाळवंटाच्या पूर्वेस बर्ड्सव्हिल हे गाव आहे. तेथून पश्चिमेस निघालेल्या मोटारीला वाळूच्या शेकडो समांतर टेकड्या ओलांडाव्या लागतात. वाळवंटात न इंधन मिळते, न कारागीर. अशा प्रवासास कोणते इंजिन निवडावे? सर्वाधिक अश्वशक्तीचे, असे पुष्कळांस वाटते. परंतु खरी कसोटी निराळी आहे.

वाळूत रुतणारी चाके फिरविण्यास मोठा जोर लागतो. या फिरविण्याच्या जोरास पीळ म्हणतात. तो वाढविण्याचे काम गिअर करतात. पहिल्या गिअरचे प्रमाण ४, दुय्यम गिअरपेटीतील मंद गिअरचे २.५ आणि आसावरील गिअरचे ४ धरल्यास गुणाकार ४० होतो. म्हणजे घर्षणातील घट सोडता इंजिनाचा पीळ चाळीसपट होऊन चाकांना मिळतो. मात्र त्यांची गती तितक्याच पटीने घटते. म्हणून इंजिन अचाट शक्तीचे असण्याची गरज उरत नाही.

टोयोटा कंपनीचे १९९० साली निघालेले ‘१ एचझेड’ हे ४,१६४ घनसेंटिमीटरचे, सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन याचे उत्तम उदाहरण होय. त्याच्या मूळ रचनेत टर्बो नाही आणि इंधन यांत्रिक पंपाने फवारले जाते. त्यामुळे शक्ती बेताची असली, तरी इंजिनावरील ताण कमी आणि बिघडण्याजोगे भागही थोडे.

गिअरपेटीदेखील इंजिनाच्या कमाल पिळापेक्षा अधिक पीळ सोसणारी असावी. शिवाय दोहोंचे सुटे भाग मार्गावरील गावांत मिळावेत. जे यंत्र साध्या हत्यारांनी दुरुस्त होते, तेच अशा वाटेवर विश्वासाचे ठरते.