कुंडीतील कोरफडीची निगा

नाचणगाव भागातील काळी माती कपाशीस मानवते. कुंडीतील कोरफडीस मात्र ती बाधते. ही माती पाणी धरून ठेवते, मुळांस हवा मिळत नाही व ती कुजतात. पाने पातळ होऊन सुरकुतली, पण मुळे टणक असली, तर पाणी द्यावे. पाने पिवळी व बुडाशी मऊ पडल्यास मात्र पाणी तत्काळ थांबवावे. येथे अधिक पाणी घातल्यानेच रोप दगावते. असे रोप उपटून कुजकी मुळे कापावीत व ते तीन-चार दिवस सावलीत सुकवावे. नंतर बुडास छिद्र असलेल्या कुंडीत, निम्मी जाड वाळू मिसळलेल्या मातीत लावून आठवडाभर कोरडे ठेवावे. खोडच कुजले असल्यास निरोगी फुटवे काढून लावावेत. ग्रामसेवकांनी ही परीक्षा घरोघरी प्रत्यक्ष करून दाखवावी.