कोशिंबीर पानात वाढताना

अगं, भाजे गावात घरगुती जेवणाचा बोर्ड लावलास, छान केलंस. मळवलीला लोकलमधून उतरलेली मंडळी लेणी बघून नाहीतर लोहगड करून दुपारी खाली येतात, तेव्हा कातळ नुसता तापलेला असतो. एप्रिल-मेच्या त्या उन्हातून आलेल्या माणसाला पहिल्या घासाला पिठलं नको असतं, काहीतरी गार हवं असतं. म्हणून तुला एक कानात सांगते. तुझ्या भाकरीचं कौतुक होईलच, पण जीव निवतो तो कोशिंबिरीने. आणि तीच बायका सकाळी सात वाजता करून झाकून ठेवतात!

काकडीचा देठाकडचा तुकडा कापून आधी जिभेला लाव. वेलाला पाण्याचा ताण बसला की काकडी कडू निघते, आणि उन्हाळ्यात तो बसतोच. एक कडू निघाली की अख्खं पातेलं वाया, म्हणून पाहुणे कितीही असोत, प्रत्येक काकडी चाखायचीच.

मग किसू नकोस, कोचव. डाव्या हातात उभी धरायची, सुरीने वरून जवळजवळ चरे पाडायचे आणि मग पातळ उतरवत जायचं. शंभरात पंच्याण्णव भाग तर तिच्यात पाणीच. किसली आणि वर मीठ लागलं की वाटीत काकडी कमी, रस्सा जास्त. कोचवलेली काकडी, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, वाटलेली मिरची वेगवेगळी तयार ठेव. तुपात जिऱ्याची फोडणीही करून ठेव. पाहुणे हात धुवायला उठले की सगळं एकत्र कर आणि मीठ, साखर, लिंबू तेव्हाच घाल. कूट आधी घातलंस तर ते फुगतं आणि लगदा होतो. कांदा-टोमॅटोलाही हाच नियम. त्यात दही घालणार असशील तर ते माठाशेजारी गारव्याला ठेव. दुपारपर्यंत उघडं राहिलेलं दही आंबट ढाण होतं.

उन्हाळ्यात लिंबू महागलं म्हणून कुढू नकोस. कैरी किसून घाल, कांद्याबरोबर तर ती लिंबापेक्षा सरस लागते, असं माझं मत.

मोड आलेली मटकी कच्ची घालायचा मोह होईल. या उकाड्यात मोड लवकर चिकट होतात. परक्या माणसाला वाढायची तर वाफवूनच वाढ.

कुणी ‘सॅलड नाही का?’ म्हणालं तर ओशाळू नकोस. काकडी, गाजर, कांद्याच्या चकत्या आणि लिंबाची फोड, एवढं मागितल्यावर कापून दे. आधीपासून सजवून ठेवलेल्या त्या ताटल्या, कडा सुकलेल्या, मला तर बघवत नाहीत.

धुण्यात मात्र काटकसर नको. कोथिंबिरीची माती दोन-तीन पाण्यांत जाते, काकडी सालासकट चोळून धुवायची, सुरी आणि पाट वेगळे ठेवायचे. कच्चं खाणं आहे, शेवटचं पाणी पिण्याचंच हवं. मावळात पाऊस धो-धो पडतो खरा, पण मे महिन्यात हंड्यांची रांग तूही बघतेसच. तेव्हा रविवारची टाकी शनिवारी रात्रीच भरून घे. आणि धुवायला पाणी पुरणार नाही असं वाटलं, तर त्या दिवशी कोशिंबीर करूच नकोस. गार ताक आणि भाजलेला पापड वाढ.