नाकाला न कळणारा गॅस

प्रश्न : आमच्या बाथरूममध्ये चार वर्षांपासून गॅस गीझर आहे. गॅस जरा गळला तरी आम्हाला लगेच वास येतो, रेग्युलेटरही रोज रात्री बंद करतो. तरी थंडी पडली की अंघोळीला गेलेलं माणूस गीझरमुळे बेशुद्ध पडल्याच्या बातम्या येतात. वास आल्याबरोबर ही माणसं बाहेर का पडत नाहीत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण त्यांना वास आलेलाच नसतो. गळणारा गॅस वेगळा आणि जळलेला गॅस वेगळा. सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्यूटेनला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र रसायन मुद्दाम मिसळतात. गीझर पेटला की गॅसबरोबर तेही जळून जातं. आणि जळताना हवा अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. डोळे चुरचुरत नाहीत, ठसकाही लागत नाही.

हवा अपुरी कशी पडते, याचा ढोबळ हिशेब मांडून पाहू. पाच बाय सात फुटांचं, नऊ फूट उंच बाथरूम धरा. त्यात हवा जेमतेम ९ घनमीटर. गीझरची आच साधारण १० किलोवॉट, म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीचे चार-पाच बर्नर एकदम मोठे केल्यासारखी. एक किलो एलपीजी नीट जळायला १२-१३ घनमीटर हवा लागते. पाव तासात गीझर सुमारे २०० ग्रॅम गॅस जाळतो. सगळं गच्च बंद असेल तर तेवढ्यातच खोलीतल्या ऑक्सिजनचा पाव हिस्सा खर्ची पडतो. दाराच्या फटीतून थोडी हवा येते हे खरं, पण थंडीत आपण त्या फटीलाही पायपुसणं लावतो! शिवाय नळाचं पाणी गार, म्हणून गीझर जास्त वेळ चालतो, आणि घरातले सगळे एकापाठोपाठ एक अंघोळी उरकतात. पहिल्याला काहीच जाणवत नाही, त्रास होतो तिसऱ्या-चौथ्याला. घरात शेवटी अंघोळ कोण करतं, हे सांगायला नको.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटके पडतात. वाटतं, बीपी कमी झालं असेल, पित्त झालं असेल. दाराची कडी हाताच्या अंतरावर असते, पण उठवत नाही. जॉन स्कॉट हाल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपले होते. खाणीत सोबत छोटे प्राणी न्यावेत ही सूचनाही त्याचीच, कारण माणसाआधी ते कोसळतात. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी पार १९८६ पर्यंत हे काम करत होते.

आणखी एक गोष्ट, कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आलेत म्हणून सांगतो. या विषबाधेत त्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजन घेतलेलं रक्त त्याला सारखंच दिसतं. माणूस बेशुद्ध आणि आकडा ९८, असंही होतं.

तेव्हा उपाय एकच खात्रीचा : गीझर बाथरूमबाहेर, उघड्या गॅलरीत लावायचा आणि पाइपने फक्त गरम पाणी आत आणायचं. आपल्या आजीचा तांब्याचा बंब मागच्या अंगणात धुमसायचा आणि पाणी बादलीने न्हाणीघरात यायचं. ती मांडणी आपल्या टाइल्सवाल्या बाथरूमपेक्षा शहाणी होती. गीझर हलवणं जमेपर्यंत बादल्या आधी भरून घ्या, गीझर बंद करा, दार-खिडकी थोडा वेळ सताड उघडी ठेवा आणि मगच अंघोळीला जा. नुसता एक्झॉस्ट फॅन पुरेसा नाही. बाहेरची हवा आत यायला खाली झरोका नसेल तर तो ओढणार काय? ज्योत निळीऐवजी पिवळी दिसू लागली किंवा गीझरवर काजळी धरली, तर मेकॅनिक येईपर्यंत तो पेटवूच नका; मात्र ज्योत निळी आहे म्हणून बंद खोलीत निर्धास्तही राहू नका. आतून कडी लावू नये आणि बाहेरच्याने अधूनमधून हाक मारावी, हे मुलांनाही शिकवा. हाकेला ओ आली नाही तर दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच. नुसत्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास.

प्रश्न : सूनबाई बाळंतपणाला माहेरी न जाता आमच्याकडेच आहे. खोलीत कोळशाची शेगडी ठेवतो. त्यात गॅस नाही, मग चालेल ना?
— एक आजी, सातारा

उत्तर : आजी, कोळशातूनही तोच वायू निघतो, आणि धूर थांबून निखारे लालबुंद झाले की जास्तच फसवतो, कारण तेव्हा सगळं स्वच्छ वाटतं. शेक देताना दार-खिडकी उघडी असू द्या आणि शेक झाला की शेगडी उचलून अंगणात ठेवा. बाळ-बाळंतीण झोपल्यावर ती खोलीत नको. रात्री ऊब हवी तर दुपटं, टोपरं आणि आईची कूस आहेच.