म्हातारपणाची शिल्लक : कोणते खाते कोणासाठी?

वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांतील नोकरदाराचा प्रॉव्हिडंट फंड १९५२ च्या कायद्याने पगारातूनच कापला जातो. आपल्या दुकानदाराला, शिंप्याला, सुताराला ती सोय नाही. केडगाव-चौफुल्याच्या बाजारात आपली सारी कमाई दोन ठिकाणी अडकलेली असते : फळीवरच्या मालात आणि उधारीच्या वहीत. गिऱ्हाईक म्हणते, "उसाचे बिल आले की देतो." बिल लांबले की आपली शिल्लकही लांबते. म्हणून आमचे म्हणणे असे की, म्हातारपणाचा पैसा आधी गल्ल्यापासून वेगळा करावा. तो कोठे ठेवावा, हे आपले वय आणि आपली गरज पाहून ठरवावे.

१) पी.पी.एफ. : ही योजना १९६८ पासून आहे. खाते पोस्टात किंवा बँकेत निघते. वर्षाला कमीत कमी ५०० व जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. मुदत १५ वर्षे. पुढे पाच-पाच वर्षे वाढवता येते. सातव्या वर्षापासून काही रक्कम काढता येते. व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे, दुकानाच्या कर्जापोटी कोर्टाच्या हुकुमाने या खात्यावर जप्ती येत नाही. व्याजाचा दर मात्र सरकार बदलते. १९९० च्या दशकात तो १२ टक्के होता, एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के झाला. या दराने दरसाल एप्रिलच्या सुरुवातीस १२,००० रुपये भरल्यास १५ वर्षांत भरलेल्या १,८०,००० चे सुमारे सव्वातीन लाख होतात.

२) अटल पेन्शन : २०१५ पासून. वय १८ ते ४०. साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये ठरलेली पेन्शन. पाच हजारांसाठी अठराव्या वर्षी शिरणाऱ्याला महिना २१० रुपये, तर चाळिसाव्या वर्षी शिरणाऱ्याला १,४५४ रुपये भरावे लागतात. उशिराची किंमत यावरून कळावी. खातेदारामागे तीच पेन्शन पत्नीला किंवा पतीला मिळते. ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्याला हे खाते काढता येत नाही. दुकानातल्या तरुण कारागिरासाठी ते सोयीचे आहे.

३) एन.पी.एस. : मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुले. पैसा शेअर, कंपन्यांचे रोखे आणि सरकारी रोखे यांत जातो, म्हणून रक्कम वाढतेही आणि उतरतेही. साठीला काही भाग रोख मिळतो. रक्कम लहान नसेल तर उरलेल्या भागातून विमा कंपनीची पेन्शन घ्यावी लागते. ज्याला सगळी रक्कम एकदम हातात हवी, त्याने ही अट आधी समजून घ्यावी.

४) ज्येष्ठ नागरिक बचत योजना : हे खाते पैसा जमवण्याचे नव्हे, जमलेला ठेवण्याचे आहे. साठीनंतर निघते, एप्रिल २०२३ पासून मर्यादा ३० लाख. व्याज दर तीन महिन्यांनी हाती येते.

आता व्याजाचा प्रश्न. पहिले आणि चौथे खाते उघडपणे व्याजाचे आहे; दुसऱ्या-तिसऱ्यातही रोख्यांचे व्याज मिसळते. जे बांधव यापासून दूर राहू इच्छितात, त्यांच्यासाठी टाटा एथिकल, टॉरस एथिकल असे म्युच्युअल फंड आहेत. ते बँका, दारू वगैरे धंद्यांचे शेअर घेत नाहीत. पण त्यांत हमी नाही, पेन्शन नाही आणि पैसा कधीही काढता येतो. सीझनला माल भरताना हात तिकडे जाणार नाही, एवढा निर्धार हवा. भाड्याने देता येणारा गाळा हाही एक मार्ग आहे. शंका असल्यास जाणत्या आलिमांना विचारावे.

थोडक्यात, चाळिशीच्या आतल्याने पेन्शनचा विचार करावा, चाळिशी ओलांडलेल्याने जप्तीपासून सुरक्षित खात्याचा. खाते कोणतेही असो, वारसाचे नाव त्याच दिवशी लिहावे आणि पासबुक कोठे आहे ते घरात सांगून ठेवावे.