खिशातील संगणक : शक्यता आणि मर्यादा

कचेरीतील टेबलावर संगणक असतो आणि तो वापरणाऱ्याच्या खिशात भ्रमणध्वनी. दोन्ही यंत्रे हिशेब करतात, मजकूर साठवतात, पत्रे पाठवितात. मग भ्रमणध्वनीलाच मोठा पडदा व कळफलक जोडून संगणकाचे काम का भागवू नये? ज्या शाळेला वा ग्रामपंचायतीला दोन यंत्रांचा खर्च जड जातो, तिच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. त्याचे उत्तर यंत्राच्या ताकदीपेक्षा त्याच्या संचालन प्रणालीत, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीममध्ये शोधावे लागते.

अडचण कोठे आहे?

यंत्राचे भाग आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यातील व्यवहार ही प्रणाली सांभाळते. टेबलावरील बहुसंख्य संगणकांचे प्रोसेसर एक्स-८६ घराण्यातील, तर भ्रमणध्वनींचे आर्म घराण्यातील असतात. दोहोंच्या आज्ञा भिन्न असतात. मोडीतील दस्तऐवज मराठीतच असला, तरी केवळ बाळबोध जाणणाऱ्यास तो वाचता येत नाही. तसेच हे आहे. एका घराण्यासाठी केलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालवावयाचा, तर तो नव्याने सिद्ध करावा लागतो किंवा मध्ये दुभाषी बसवावा लागतो. दुभाष्यामुळे वेग घटतो व वीज अधिक लागते.

दुसरी अडचण जुळणीची. ठरलेल्या मानकांमुळे प्रणालीची एकच प्रत अनेक कंपन्यांच्या संगणकांवर चालते. भ्रमणध्वनींत मात्र जवळजवळ प्रत्येक नमुन्यासाठी स्वतंत्र जुळणी करावी लागते. निर्मात्याचे सहकार्य नसेल, तर कॅमेरा वा मोडेम नीट चालत नाही.

प्रयोगांचा बोध

मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आर्म प्रोसेसरच्या टॅबलेटसाठी विंडोज आरटी आणली. रूप ओळखीचे होते. परंतु लोकांचे जुने प्रोग्राम तीवर चढविता येत नव्हते. २०१५ च्या ल्युमिया ९५० भ्रमणध्वनीला पडदा जोडण्याची सोय होती, तेथेही हीच उणीव राहिली. उबुंटूच्या निर्मात्यांनी २०१३ मध्ये एका भ्रमणध्वनीसाठी लोकांकडून ३ कोटी २० लाख डॉलर्स मागितले. सुमारे १ कोटी २८ लाखांचीच आश्वासने मिळाली. २०१७ मध्ये कंपनीने भ्रमणध्वनीचे काम थांबविले. पुढे स्वयंसेवकांनी ते चालू ठेवले.

याउलट, २०१७ मध्येच सॅमसंगने आणलेल्या डेक्समध्ये भ्रमणध्वनीची अँड्रॉइड प्रणालीच मोठ्या पडद्यावर खिडक्यांच्या रूपाने मांडली गेली. २०२० मध्ये ॲपलने आपल्या संगणकांत आर्म पद्धतीचे प्रोसेसर बसविण्यास आरंभ केला. यावरून दिसते की, टेबलावरची प्रणाली जशीच्या तशी खिशात शिरण्यापेक्षा खिशातली प्रणालीच टेबलाकडे वाटचाल करीत आहे.

खरेदीपूर्वी

म्हणून अशी साधने घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. रोजच्या वापरातील प्रोग्राम, मराठी टंकलेखन व छपाई त्यावर प्रत्यक्ष चालवून पाहावी. सुरक्षाविषयक सुधारणा किती वर्षे मिळतील, हे लेखी घ्यावे. तयार होणारी दप्तरे अन्य यंत्रांवर उघडतात की नाही, याची खात्री करावी. यंत्र कालांतराने बदलेल. गावाची नोंद मात्र पुढील पिढीलाही वाचता आली पाहिजे.