शितावरून भाताची परीक्षा : नवी सेवा सुरू करण्यापूर्वी

यंदा आपल्या ट्रस्टचे रौप्यमहोत्सवी वर्ष. अशा वर्षी सभासदांच्या मनात उत्साह असतो आणि उत्साहाबरोबर सूचनाही येतात. अभ्यासिका काढावी, शिवणवर्ग सुरू करावा, पुस्तकांची पेटी घरोघर फिरवावी, वृद्धांना दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी रिक्षा ठेवावी, अशा कितीतरी सूचना कार्यालयातील वहीत नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील एकही सूचना वाईट नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. दहा चांगल्या सूचनांपैकी लोकांच्या खरोखर उपयोगी पडणारी कोणती, हे पैसा खर्च होण्यापूर्वी कसे ओळखावे? स्मरणिकेसाठी काही उपयुक्त लिहून द्या असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा हाच विषय घ्यायचे मी ठरवले. मी व्यापारी नाही; वीस वर्षे मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवणारा मास्तर आहे. पण या बाबतीत मी एकदा चांगलाच चुकलो आहे, आणि चुकलेल्या माणसाला त्या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार असतो, असे मी समजतो.

सुरतेत राहणाऱ्यांना नमुन्याचे महत्त्व सांगायला नको. साडीचे नवे डिझाइन निघाले म्हणून रिंग रोडवरचा शहाणा व्यापारी एकदम हजार नग काढीत नाही. थोडे नग काढतो, जुन्या गिऱ्हाइकांकडे पाठवतो आणि वाट पाहतो. ‘फार छान आहे’ या शब्दांना बाजारात किंमत नसते. तोच माल पुन्हा मागवला गेला, तरच डिझाइन चालले म्हणायचे. घरातील स्त्रियाही याहून निराळे काही करीत नाहीत. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी कोणी पातेले रिकामे करीत नाही. एक शीत दाबून पाहतात.

मग धर्मादाय संस्थाच हा विचार का विसरतात? मला वाटते, याचे कारण गिऱ्हाईक आणि लाभार्थी यांच्यातील फरकात आहे. गिऱ्हाईक पैसे मोजते, म्हणून वस्तू न पटल्यास दुकानाची पायरी उतरून निघून जाते. ते निघून जाणे हेच दुकानदाराचे शिक्षण. आपल्यापुढे बसलेला माणूस असे करीत नाही. दिलेली वस्तू फुकट असते, देणारा वयाने किंवा मानाने मोठा असतो, आणि पुढच्या जूनमध्ये मुलाच्या वह्यांसाठी त्याच दारात यायचे असते. तो ‘हो’ म्हणतो. त्याच्या ‘हो’वर आपण अहवाल लिहितो. म्हणून मी तर म्हणेन, नमुना करून पाहण्याची गरज दुकानदारापेक्षा ट्रस्टला अधिक आहे.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. करोनाच्या साथीपूर्वी एका संस्थेने माझ्याच सूचनेवरून लिंबायत भागात मुलींसाठी संध्याकाळची अभ्यासिका काढली. एक-दोन खोल्यांची घरे, त्यांत सहा-सात माणसे. मुलींना बसून वाचायला कोपरा नाही, हे मी रोज पाहत होतो. आम्ही रीतसर घरोघर विचारणा केली. साठ घरांपैकी सत्तावन्न घरांनी ‘जरूर पाठवू’ म्हणून सांगितले. मग काय, अकरा महिन्यांच्या कराराने खोली घेतली, बाके केली, पंखे लावले, कपाट आणले, आणि पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली. पहिल्या आठवड्यात एकतीस मुली आल्या. तिसऱ्या आठवड्यात चार. दिवाळीनंतर मी आणि शिपाई असे दोघेच त्या पंख्याखाली बसत होतो.

पालकांना शिक्षणाची कदर नाही, असा निष्कर्ष एका सभासदाने काढला, आणि लाजेपोटी मीही मान डोलावली. पण ते खरे नव्हते. पुढे रमजानमध्ये एका विद्यार्थिनीच्या घरी गेलो असता तिच्या आईला मी सरळ विचारले, “खाला, तुम्ही तर पहिल्यांदा हो म्हणाला होतात.” त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही दारात आलात, पाणीसुद्धा घेतलं नाहीत. तुम्हाला नाही कसं म्हणायचं?” त्याच वेळी त्यांच्या मांडीवर साडी होती आणि मुलगी समोर बसून काठाला खडे चिकटवीत होती. माल संध्याकाळी येतो, सकाळी परत द्यावा लागतो. धागे कापणे, लेस लावणे, खडे चिकटवणे, यात मुलीचे दोन हात घराला हवे असतात. आम्ही अभ्यासिकेची वेळ नेमकी तीच ठेवली होती. सत्तावन्न घरांत गेलो, पण संध्याकाळी पाच ते आठ घरात काय चालते, हे एकाही घरात विचारले नाही.

हे शल्य मनात असतानाच मी माणदेशी महिला सहकारी बँकेची हकीकत अभ्यासली. सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा कायमचा दुष्काळी मुलूख. तेथील म्हसवड गावी चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ साली ग्रामीण स्त्रियांची ही बँक उभी केली. तिची सुरुवात एका साध्या मागणीतून झाली. कांताबाई नावाची रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणारी बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्यापूर्वी पालावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा, त्यासाठी तिला पैसे साठवायचे होते. पण एवढ्या लहान रकमेचे खाते उघडायला बँक तयार नव्हती. लक्षात घ्या, तिला कर्ज नको होते, दान नको होते. स्वतःचे पैसे ठेवायला जागा हवी होती. दान देणाऱ्या माणसाला ही गरज सुचली असती का, याची मला शंका आहे.

बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक सभासदांतील पुष्कळ स्त्रिया अंगठा उठवणाऱ्या होत्या. त्या स्त्रियांनी वर्ग भरवून अक्षरे गिरवली आणि पुन्हा जाताना अधिकाऱ्यांना उलट आव्हान दिले: कोणत्याही रकमेचे व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या साहेबांनी यंत्राशिवाय काढून दाखवावे. परवाना मिळाला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढचाच आहे. बँक उघडली तरी बायांना तेथे येता येईना. बँकेत यायचे तर दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा बायांना बचतीचे महत्त्व पटवून देणारी व्याख्याने न ठेवता बँकच त्यांच्या दारी नेण्यात आली. पुढे संगणकी व्यवहार आले, तेव्हा प्रत्येकीने गुप्त आकडा पाठ ठेवावा असे ठरले. बायांनी ते मानले नाही. बँकेच्या लोकांना प्रथम वाटले, यांना आकडा लक्षात ठेवणे जड जाते, आपण शिकवू. कारण निराळेच होते. आकडा दुसऱ्याच्या हाती लागू शकतो, मग कष्टाचे पैसे गेले. अंगठा काही कोणी चोरून नेत नाही, तेव्हा अंगठ्याचीच सोय करा, असे त्यांचे म्हणणे पडले. ज्या अंगठ्यावरून परवाना अडला होता, त्याच अंगठ्याची ही गोष्ट आहे. या सगळ्याला म्हसवडला कोणी ‘प्रयोग’ म्हटले असेल की नाही, कोणास ठाऊक. पण सेवा लोकांपुढे ठेवणे, ती कोठे अडते ते पाहणे आणि अडेल तेथे लोकांना दोष न देता सेवा बदलणे, हा क्रम त्यात स्वच्छ दिसतो.

थोडक्या पैशात अडचण लवकर उघडकीस येते, याचे दुसरे उदाहरण मुंबईचे. लिज्जत पापड आपल्या घराघरांत माहीत आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर ७ स्त्रियांनी उसनवार ८० रुपयांवर काम सुरू केले आणि पापडांची ४ पाकिटे भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. पावसाळा आला, पापड वाळेनात, चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. स्वस्त आणि महाग असे दोन प्रकारचे पापडही त्यांनी आरंभी करून पाहिले, आणि छगनबाप्पा पारेख यांच्या सल्ल्याने एकच उत्तम प्रत ठेवली. पहिल्याच दिवशी मोठा कारखाना काढला असता, तर पावसाळ्याने शिकवलेला धडा किती महाग पडला असता, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आता माझ्या दुसऱ्या प्रयत्नाकडे येतो. या वेळी खोली नाही, बाके नाहीत, फीत नाही. एक ओटा, दोन सतरंज्या, सहा मुली आणि पंधरा दिवस. आरंभीच मी वहीत लिहून ठेवले की सहापैकी चार मुली दहा दिवस आपण होऊन आल्या नाहीत, तर हा बेत फसला असे मानीन. हे आधी लिहून ठेवणे फार आवश्यक आहे, कारण नंतर आपले मन वकिलासारखे वागते. तीन मुली आल्या तरी ‘सुरुवात म्हणून वाईट नाही’ असे सांगू लागते.

पहिल्यांदा सकाळची वेळ ठेवली. फसली, कारण त्याच वेळी नळाला पाणी येते. सहा दिवसांतच ते कळले, आणि नुकसान म्हणाल तर माझी झोप. मग सकाळच्या पाळीच्या शाळेतून मुली परतल्यानंतर आणि मालाची गाठोडी येण्यापूर्वी, अशी दुपारची दोन तासांची फट सापडली. ओटा त्याच गल्लीतला, आया दारातून पाहू शकत होत्या. सहाच्या नऊ झाल्या, आणि नवव्या मुलीला मी बोलावले नव्हते. व्यापारी ज्याला पुन्हा आलेली मागणी म्हणतो ती हीच, असे मला त्या दिवशी वाटले.

हुरूप येऊन तोच प्रकार आम्ही शेजारच्या गल्लीत केला, तर चौथ्या दिवशी भांडण झाले. त्या गल्लीत लूमवर रात्रपाळी करणारे कामगार राहतात. बारा तास उभे राहून आलेला माणूस दुपारी झोपतो. मुलींचे पाढे त्याच्या उशाशी. चूक त्याची नव्हती. एका शिताने एका पातेल्याची परीक्षा होते, शेजारच्या चुलीवरच्या पातेल्याची नव्हे. आणि शीतही वरचे घेऊन भागत नाही, मधले घ्यावे लागते. हुशार मुली, ओळखीची घरे, सभासदांची भाचरे यांवरच प्रयोग केला, तर तो नेहमी यशस्वीच होतो.

सेवेमुळे फरक पडला की तो आपोआपच पडला असता, हे ओळखण्याची एक जुनी युक्ती आहे. ती आपल्या सुरतेतच मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. गिरण्यांच्या धुरातील बारीक कण कमी व्हावेत म्हणून २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक नवी पद्धत आणली. सर्वांनी मिळून किती कण सोडावेत याची मर्यादा ठरवली आणि तेवढेच परवाने दिले. जो कमी सोडील त्याने उरलेले परवाने दुसऱ्याला विकावेत. ही पद्धत सर्वांना एकदम लागू केली नाही. सुमारे ३०० कारखान्यांपैकी साधारण निम्मे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडले आणि बाकीचे जुन्याच नियमांखाली ठेवले. नंतर दोन्हींची तुलना करता नव्या पद्धतीतील कारखान्यांचे कण २० ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. आपल्याला एवढा खटाटोप नको. परंतु वीस मुलांना पुस्तकपेटी देताना शेजारच्या वीस मुलांची प्रगतीही वहीत टिपून ठेवायला खर्च काहीच नाही.

विचारण्याची रीतही बदलायला हवी. ‘आवडेल का?’ हा प्रश्न टाळावा. ‘गेल्या आठवड्यात अम्मींना दवाखान्यात कोणी नेले, किती वाजता, रिक्षाला काय पडले?’ असे विचारावे. झालेल्या गोष्टीबद्दल माणूस भिडेखातर खोटे बोलत नाही. आणि थोडेसे काही त्याच्याकडूनही मागावे; पैसेच असे नाही, येताना स्वतःची चटई आणावी एवढेही पुरे. ज्याला वस्तू नको असते तो चटई विसरतो.

येथे एक इशारा देणे मला भाग आहे. लोकांची गरज हे आपल्या हौसेचे मैदान नव्हे. औषध, शस्त्रक्रिया, भुकेल्याचे अन्न यांत ‘पंधरा दिवस पाहू’ चालणार नाही. इतर ठिकाणीही हा नमुना आहे, अमुक दिवशी संपेल, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. आमच्या अभ्यासिकेला कुलूप लागले त्या दिवशी त्या चार मुलींपैकी एक दप्तर घेऊन आली होती. तिला कोणी कळवलेच नव्हते. फुकट गेलेल्या भाड्यापेक्षा ती गोष्ट मला अधिक लागली आहे.

ओट्यावरचा वर्ग आजही चालू आहे. सध्या अकरा मुली येतात. रात्रपाळीवाल्या गल्लीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. तेथील एका घरमालकाने गच्ची द्यायचे कबूल केले आहे. पाऊस उघडला की तीन आठवडे तेथे करून पाहायचे ठरले आहे. कोणा सभासदाकडे जादा सतरंजी असल्यास शाळेच्या पत्त्यावर निरोप द्यावा.